चार बायकांचा शिधा

जेनेट टिलीला कोणी विचारले असते की बाई, तू कोणाची, तर तिने आधी कंपनीचे नाव सांगितले असते आणि मग नवऱ्याचे. यात उद्धटपणा नव्हता. नवरे बदलत, कंपनी बदलत नसे. पेनसिल्व्हेनियातल्या एका विणकऱ्याची ही पोर सोळाव्या वर्षी सायलस ऑर नावाच्या शिपायामागे ओहायो नदीच्या उत्तरेला आली. दहा वर्षांत तिने तीन किल्ले, दोन लढाया आणि तो सायलस ऑर मागे टाकला, आणि सव्विसाव्या वर्षी ती फोर्ट टॅलमनच्या लाकडी कुंपणाआड कॅप्टन लॅथ्रपच्या कंपनीचे कपडे धूत होती. राखेच्या पाण्याने तिचे हात कोपरापर्यंत सोललेले असत. तोंड मात्र शाबूत होते, आणि त्या तोंडाला लागायला सार्जंटसुद्धा बिचकत.

किल्ल्यात राहायचे तर बाईला एकच वाट होती. कंपनीमागे चार बायकांना सरकारी शिधा मिळे. पीठ, खारवलेले मांस, घोटभर व्हिस्की, साबणाचा तुकडा. त्याबद्दल त्यांनी साऱ्या कंपनीचे कपडे धुवायचे आणि दवाखान्यातली घाण काढायची. बाईचे नाव यादीत चढे ते नवऱ्याच्या नावाखाली. नवरा मेला, तर पुढच्या हजेरीपर्यंत, म्हणजे फार तर दोन महिन्यांत, तिने त्याच कंपनीतला दुसरा करायचा. नाही जमले तर फाटकाबाहेर. बाहेर जंगल होते, आणि नदीकाठची पहिली वस्ती दीडशे मैलांवर होती.

म्हणून बायका थांबून राहत नसत. शिपायाने अंथरूण धरले आणि डॉक्टरने मान हलवली, की दोन-चार दिवसांत कोणीतरी दुसरा शिपाई गुपचूप येऊन आपला मळका सदरा त्या बाईच्या धुण्याच्या कुंडीत टाकी. बोलायचे काही नाही. बाईने सदरा बाहेर काढून फेकला तर नकार. तळाशी दगडाखाली दाबून ठेवला तर होकार. मग तो सदरा तिथेच भिजत पडे. आजारी माणसाने डोळे मिटले, त्याला मातीत घातले, की मगच तो धुवायचा आणि दोरीवर टाकायचा. दोरीवर सदरा दिसला की साऱ्या छावणीला कळे, कॅप्टन संध्याकाळच्या कवायतीला दोघांची नावे वाचून दाखवी आणि संसार सुरू होई. याला कोणी निर्लज्जपणा म्हणत नसे. अमोस टिलीचा सदरा सायलस ऑर जिवंत असताना जेनेटच्या कुंडीत नऊ दिवस भिजला होता. त्या लग्नाला आता चार वर्षे झाली होती आणि पॅटी नावाची तीन वर्षांची मुलगी होती.

अमोस वाईट नवरा नव्हता. दारू पिऊन मारी, पण क्वचित. पोरीला खांद्यावर घेऊन कुंपणाच्या आतून फेऱ्या मारी. फक्त एक खोड होती. मनात धरलेली गोष्ट तो सोडत नसे. त्याचा चाकू चोरणाऱ्या एका शिपायाशी तो दोन वर्षे बोलला नव्हता, आणि तो शिपाई मेला तेव्हा त्याने खड्डा खणायलाही नकार देऊन पाठीवर दहा फटके खाल्ले होते.

सतराशे शहाण्णवच्या उन्हाळ्यात बातमी आली की इंग्लंडशी झालेला तह पुरता झाला. सरोवरांकाठचे जे किल्ले इंग्रज तेरा वर्षे दाबून बसले होते, ते त्यांनी सोडले. त्याआधीच्या वर्षी तिथल्या मूळच्या इंडियन टोळ्यांच्या सरदारांनीही तहावर खुणा केल्या होत्या. म्हणजे लढायला कोणी उरले नाही. किल्ल्यावर तोफा उडाल्या. दरेकाला दुप्पट व्हिस्की मिळाली आणि लोक नाचले. जेनेटही नाचली.

डॉर्कस वेंडल तेवढी बसून राहिली. ही चौघींतली सगळ्यांत थोरली, तीन नवरे पुरलेली आणि चौथ्याला खोकला लागलेली.

"नाचा गं, नाचा," ती म्हणाली. "शत्रू होता तोवर आपल्याला पीठ होतं."

"तुला मेलीला आनंद बघवतच नाही, डॉर्कसबाई."

"बघवतो की. पण फिलाडेल्फियाच्या साहेब लोकांना एवढं सैन्य बघवेल का, ते सांग."

राजधानी फिलाडेल्फियातल्या साहेब लोकांना ते बघवले नाही. खरे तर त्यांना सैन्य कधीच आवडले नव्हते. राजाचे सैन्य वाईट म्हणून ज्यांनी राज्य मिळवले, त्यांना आपलेही सैन्य डोळ्यांत खुपे. भीती वाटली की वाढवायचे, भीती सरली की तोडायचे, असा त्यांचा कारभार होता. तह करणारे हात आणि शिधा तोडणारे हात एकाच बाहीतले होते. सप्टेंबरच्या अखेरीस कागद आला. किल्ल्यावरच्या दोन कंपन्यांची एक कंपनी करायची, चाळीस माणसे कमी करायची, आणि हे सारे एक नोव्हेंबरच्या हजेरीच्या आत. दोन कंपन्यांच्या आठ बायका होत्या. नव्या कंपनीत चारच राहणार होत्या.

कॅप्टन लॅथ्रप न्यायी माणूस होता, म्हणजे तो सगळ्यांशी सारखाच थंड वागे. त्याने बायकांना ओळीत उभे करून सांगितले, "ज्यांचा नवरा एक तारखेला हजेरीपटावर असेल, त्यांतल्या सगळ्यांत जुन्या चार. बाकीच्यांनी त्याच दिवशी निघायचं. रडणंभेकणं माझ्या दारात नको."

जेनेट दुसऱ्या क्रमांकावर होती. तिला नवरा हजेरीपटावर हवा होता, एवढेच. त्याच आठवड्यात अमोसला ताप भरला.

पाळीचा हिवताप सगळ्यांनाच येई, पण हा उतरेना. डॉक्टरने तीनदा रक्त काढले, सालीचा काढा पाजला. अमोसचे पोट आत गेले, डोळे पिवळे झाले. तेराव्या दिवशी डॉक्टर हात पुसत बाहेर आला.

"रविवार काढायचा नाही," तो म्हणाला. "तू आपलं बघ आता."

तो सरळ स्वभावाचा माणूस होता आणि त्याला वाटले तसे तो बोलला. जेनेट कुंडीपाशी बसून थोडी रडली. खोटे कशाला सांगायचे, तिला अमोसचे वाईट वाटले, पण पॅटीच्या पायांत जोडे नव्हते आणि नोव्हेंबर तीन आठवड्यांवर होता, हे तिला त्याहून जास्त वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडीत सदरा होता. ईनॉक हॅच या कॉर्पोरलचा. हॅच चाळिशीचा, देवीच्या वणांनी तोंड खडबडलेले, पण दारूला न शिवणारा आणि धिप्पाड. त्याला कोणी कंपनीतून काढणार नव्हते. यापेक्षा चांगला सदरा त्या किल्ल्यात नव्हता. जेनेटने दगड उचलला, सदरा खाली दाबला आणि कामाला लागली.

पण तिचे मन स्वस्थ बसेना, कारण डॉर्कसचा खोकलेकरी सप्टेंबरातच गेला होता आणि डॉर्कस मोकळी होती. पन्नाशीची बाई, पण मक्याचे धिरडे असे करी की माणूस वय विसरे. हल्ली ती रोज हॅचच्या बराकीसमोरच चूल पेटवू लागली होती. पाण्याखालचा सदरा कोणाला दिसतो? हॅचचे मन फिरले तर तो येऊन गुपचूप काढून नेईल आणि कोणी काही म्हणणार नाही. एकदा दोरीवर चढला की मात्र त्याची सुटका नव्हती.

शुक्रवारी लख्ख ऊन पडले. जेनेटने विचार केला, रविवार म्हणजे दोनच दिवस. तिने हॅचचा सदरा काढला, साबण लावून धुतला आणि दोरीवर टाकला. शेजारी अमोसचा सदरा वाळत होता. साऱ्या छावणीने पाहिले. डॉर्कसने पाहिले आणि चूल उचलून दुसरीकडे नेली. जेनेटला त्या दिवशी फार दिवसांनी भूक लागली.

नेमके त्याच दिवशी डॉक्टरने दवाखान्याच्या खिडकीची झडप उघडायला लावली होती. आत दोघे मेले होते आणि वास मावत नव्हता. झडपेसमोर कपड्यांची दोरी होती. हॅचचा सदरा म्हणजे जहाजाचे शीड, तो तापाने फणफणलेल्या माणसालाही ओळखू आला असता. अमोसने तो पाहिला. शेजारचा आपला लहानसा सदराही पाहिला. मग त्याने दवाखान्याच्या नोकराला हाक मारली आणि चौदा दिवसांत पहिल्यांदा खायला मागितले.

रविवारी तो मेला नाही. सोमवारी उठून बसला. डॉक्टरला वाटले आपल्या काढ्याने गुण आला, आणि त्याने तसे वहीत लिहूनही ठेवले. जेनेट पेज घेऊन गेली तेव्हा अमोसने सगळी पेज संपवली, वाडगा पुसून घेतला आणि मग तिच्याकडे पाहिले.

"हॅचचा सदरा स्वच्छ निघाला की नाही?"

जेनेटने त्याच्या हातातला वाडगा काढून घेतला. मग ती बोलली. "डॉक्टरच म्हणाला रविवारी जाशील म्हणून. माझ्या पदरात पोर आहे, अमोस. तुझा सदरा नव्हता का सायलसच्या वेळी नऊ दिवस माझ्या कुंडीत?"

"होता की. कुंडीत होता."

"मग?"

"सायलसला दिसला नाही," अमोस म्हणाला. "आणि सायलस मेला."

संध्याकाळी हॅच दोरीपाशी आला. दहा-बारा शिपाई मुद्दाम जवळपास रेंगाळत होते. नवरा जगला तर बाईने सदरा चारचौघांत परत द्यायचा, असा रिवाज होता. जेनेटने घडी करून दिला.

"कॉर्पोरल, इस्त्री करून घ्यायची राहिली बघा," कोणीतरी म्हणाले.

"धुलाई फुकट मिळाली, नशीब समजा," दुसरा म्हणाला.

हॅचचे तोंड आधीच खडबडीत, ते तांबडे झाले. "मेलेल्याच्या बायकोला विचारायला आलो होतो," तो जेनेटला हळूच म्हणाला. "तू मला हसं केलंस. दोन दिवस दम धरवला नाही तुला?" दुसऱ्या दिवशी त्याचा सदरा डॉर्कसच्या कुंडीत पडला. तिला वाट बघण्यासारखे कोणी नव्हते, तेव्हा तिने तो तासाभरात धुऊन वाळवला आणि संध्याकाळी कॅप्टनने नावे वाचली.

आता जेनेटला अमोसच हवा होता. हजेरीपटावरचा, दोन पायांवर उभा असलेला अमोस. कॅप्टनने जाहीर केले होते की दवाखान्यातून उठलेल्या पाच जणांची एकतीस तारखेला परीक्षा होईल. बंदूक आणि पाठीवर पूर्ण बोजा घेऊन कुंपणाच्या आतून तीन फेऱ्या. पुऱ्या करील तो राहील, खाली बसेल तो घरी जाईल. अमोसला घर नव्हते. जेनेटलाही नव्हते. बाप मेला होता आणि माग विकला गेला होता.

पुढचे बारा दिवस तिने त्याची जशी चाकरी केली तशी कोणी सेनापतीचीही केली नसेल. आपल्या वाट्याचे मांस त्याला घातले. आपली व्हिस्की त्याला दिली. त्याचे पाय चोळले. पॅटीला त्याच्या मांडीवर बसवून म्हणायला लावले, "बाबा, चाल." अमोस खाई, पिई, पाय पुढे करी. सहाव्या दिवशी तो काठी घेऊन चालला, आठव्या दिवशी काठीशिवाय. दहाव्या दिवशी त्याने फाटकापासून तोफेच्या चौथऱ्यापर्यंत दोन चकरा मारल्या आणि त्याला धापसुद्धा लागली नाही. जेनेटने कपडे पिळता पिळता त्या चकरा मोजल्या.

परीक्षेच्या आदल्या दुपारी ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"मी चुकले," ती म्हणाली. "हवं तर उद्या फेऱ्या झाल्यावर मला मार. माझी बोटं मोडून टाक. पण उद्या चाल."

"चालेन की."

"पॅटीची शपथ?"

"म्हटलं ना, चालेन." आणि तो हसला. आजारानंतर तो पहिल्यांदाच हसला. त्या हसण्याने ती विरघळली. बाईमाणूस इतकी वर्षे छावणीत राहून एवढी भोळी कशी राहते, देव जाणे. पण तिला भरवसा हवा होता आणि समोर दुसरे काही नव्हते.

एकतीस तारखेला ढोल वाजला. अंगणाच्या कडेने दोन्ही कंपन्या उभ्या. पाच जण निघाले. पहिल्या फेरीत एक म्हातारा लॅटिमर नावाचा शिपाई तोंडावर पडला आणि तिथेच ओकला. लोक हसले. दुसऱ्या फेरीत आणखी एक जण भिंतीला टेकला. अमोस मात्र सरळ चालत होता. दुसऱ्या फेरीअखेर तो सगळ्यांच्या पुढे होता आणि सार्जंट शेजारच्याला म्हणाला, "हा टिली गाढव आहे खरा. मरत नाही." जेनेटने पॅटीला उचलून दाखवले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

तिसऱ्या फेरीत अर्धे अंतर उरले असताना अमोस तिच्यासमोर थांबला. त्याने बंदूक सावकाश जमिनीवर ठेवली, जशी नेमाने ठेवायची तशी. पट्टे सोडून बोजा उतरवला. मग मांडी घालून खाली बसला. धाप नव्हती. कपाळावर घाम नव्हता. बसून तो जेनेटकडे पाहू लागला.

"काय झालं, टिली?" कॅप्टनने विचारले.

"श्वास पुरत नाही, साहेब."

"उठवतं का?"

"नाही, साहेब."

जेनेट रांग तोडून आत धावली. तिला बायकांची जागा, शिपायांची जागा, कशाचेच भान राहिले नाही. "खोटं बोलतोय तो, साहेब. काल परवा दोन-दोन चकरा मारल्यात, मी पाहिल्यात. त्याला सगळं जमतं. त्याला उठवा, फटके मारा, तो चालेल."

अंगणात हशा पिकला. "घ्या, आता बायकोच फटके मागतेय," कोणीतरी म्हणाले. डॉर्कस हसली नाही. ती हॅचच्या मागे उभी राहून जमिनीकडे बघत होती.

कॅप्टन लॅथ्रपने हातातला कागद जेनेटला दिसेल असा धरला. "फिलाडेल्फियाने माझ्याकडून चाळीस माणसं मागितली आहेत. माझी एकोणचाळीस भरली होती. आपणहून बसलेल्या माणसाला मी फटके मारून उठवायचा, आणि त्याच्याऐवजी उभा असलेला चांगला शिपाई घालवायचा? कशासाठी, बाई?"

"माझ्यासाठी, साहेब. माझ्या पोरीसाठी."

"तू माझ्या हजेरीपटावर नाहीस," कॅप्टन म्हणाला. तो रागावला नव्हता. त्याने सार्जंटला खूण केली आणि अमोस टिलीच्या नावावर रेघ ओढली गेली. शिध्याच्या यादीतले त्याच्याखालचे जेनेटचे नाव आपोआप गेले. त्याच्यावर वेगळी रेघ ओढायचीही गरज पडली नाही.

जेनेटने त्या रात्री एकच हिशेब पुन्हा पुन्हा केला. अमोस मेला असता तर ती राहिली असती. अमोस चालला असता तर ती राहिली असती. नवरा टाकून राहते म्हटले असते तर जिवंत माणसाच्या बायकोला सदरा टाकणारा कोणी नव्हता. तह झाला, शत्रू गेला, नवरा वाचला, आणि या तीन चांगल्या गोष्टींनी मिळून तिला फाटकाबाहेर काढले.

एक तारखेला सकाळी हजेरी झाली. नव्या कंपनीच्या चार बायकांची नावे वाचली गेली, पहिले नाव डॉर्कस हॅच. मग फाटक उघडले. कमी केलेल्या शिपायाला वाटेसाठी नऊ दिवसांचे पीठ मिळाले, एका माणसाचे. यादीत नसलेल्या बाईला आणि पोरीला काही नव्हते. डॉर्कसने येऊन पॅटीच्या पायांना दोन चिंध्या गुंडाळल्या आणि परत गेली. काही जण कालच्या काल निघून गेले होते, काही व्हिस्कीसाठी मागे रेंगाळले होते. वाटेला हे तिघेच लागले.

किल्ला दिसत होता तोवर अमोस वाकून, छातीवर हात ठेवून चालला. नदीचे वळण आले. कुंपणावरचा पहारेकरी झाडांआड गेला. अमोसने पाठ ताठ केली, पिठाची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि झपझप पावले टाकू लागला. गोठलेल्या चिखलावर त्याचे जोडे करकर वाजत होते. जेनेटच्या पाठीवर पॅटी होती, हातात पातेले होते, आणि त्याला गाठायला तिला धावावे लागत होते.

"आता पुरतोय की श्वास," ती मागून म्हणाली.

"पुरतोय."

"पोरगी तुझीच आहे, अमोस. तिनं काय केलं तुझं?"

"माझीच आहे, माहीत आहे," तो म्हणाला. वळून पाहिले नाही, पावलेही आवरली नाहीत.

मैलभर वाट मागे पडली. पॅटीने भूक लागली म्हणून रडायला सुरुवात केली, मग तीही थकली. दोघांत पंचवीस-तीस हातांचे अंतर पडले, मग पन्नास. एकदा जेनेट थांबली. तिने मागे पाहिले आणि पुढे पाहिले. पीठ अमोसच्या खांद्यावर होते, म्हणून तिने पोरीला नीट वर ओढून घेतले आणि ती त्याच्या मागून चालू लागली.